अफवेचा बनावट चेहरा

पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांच्या यात्रेला राज्यभरातून भटके-विमुक्त समाज येतात. पोटासाठी गावोगाव फिरणाऱ्या अशा लोकांना अफवेचा फटका आधी बसतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी समजून, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील ५ जणांना जमावाने ठार मारले. त्या काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत कराचीतील बालसुरक्षेच्या जाहिरातीतून कापलेली होती. पळवलेले मूल परत आणून सोडल्याचा भाग तेवढा गाळला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात संदेश एका वेळी ५ ठिकाणीच पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली.

तेव्हा काटछाट पुरेशी होती. आता डीपफेकमध्ये संगणकाच्या मदतीने चेहरा आणि आवाजच बनवला जातो. जानेवारी २०२४ मध्ये गेमिंग ॲपची भलामण करणारी आपली चित्रफीत बनावट असल्याचा खुलासा सचिन तेंडुलकर यांना करावा लागला.

ओठ-आवाजाचा मेळ, मूळ स्रोत व तारीख तपासणे आणि खात्री होईपर्यंत पुढे न पाठवणे, हे पहिले उपाय. अशा फसवणुकीत पैसे गेल्यास १९३० या सायबर हेल्पलाइन क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. संगणकीय साधनांनी तोतयेगिरी करून फसवणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.