उरलेली लोकर आणि बाहुलीच्या चेहऱ्याचा रंग



विणणाऱ्या बाईच्या घरात उरलेल्या लोकरीची एक पिशवी असतेच. बाळाच्या स्वेटरातून उरलेला पिवळा, टोपीतून उरलेला आकाशी, कुणाच्या मफलरचा मरून. टाकवत नाही आणि कशाला पुरतही नाही. चातुर्मास लागला, कर्जतचा पाऊस कोसळायला लागला, की मी ती पिशवी काढते आणि वीतभराहून लहान बाहुल्या विणायला घेते. दोनचार जणींना शिकवल्यादेखील. एक तर खोपोलीहून कर्जतला येऊन पुढे मुंबईची लोकल पकडते आणि त्या दोन-अडीच तासांत अख्खी बाहुली सुईवरून उतरवते.

कृती सोपी आहे. १० नंबरच्या सुयांवर २८ टाके घाला. एक ओळ सुलट, एक उलट. चार ओळी बुटांच्या रंगात, चौदा पँटच्या किंवा परकराच्या, चौदा सदऱ्याच्या, मग दहा चेहऱ्याच्या आणि वर दहा केसांच्या किंवा टोपीच्या. दर पट्ट्याला रंग बदलायचा, म्हणून तर उरलेली लोकर चालते. शेवटच्या टाक्यांतून दोरा ओवून आवळायचा, मागची शिवण घालायची, आत भरण भरायचं, मानेशी दोरा फिरवून गाठ मारायची. पायांची फट आणि हात नुसत्या टाक्यांनी दाखवायचे. सगळी मिळून दहा-बारा ग्रॅम लोकर लागते. डोळ्यांना मणी किंवा बटणं लावू नका, लहान मूल तोंडात घालतं. काळ्या दोऱ्याचे दोन टाके पुरतात.

भरणाबद्दल थोडं. आमच्याकडे चैत्र-वैशाखात सावरीची बोंडं फुटतात, कापूस अंगणात उडून येतो. मऊ असतो, पण बाहुलीत भरू नये असं माझं मत. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पोराने भिजवलेली बाहुली आठवडाभर वाळत नाही, आत बुरशी धरते, आणि मग ती टाकताना आपला जीव कासावीस होतो. लोकरीचेच बारीक तुकडे भरावेत. धुतली की वाळते.

‘जैन असून लोकर कशी चालते?’ हा प्रश्न मला ठरलेला येतो. आपल्या बाजारात जिला लोकर म्हणतात ती बहुतेक ॲक्रिलिक असते, खनिज तेलापासून केलेली. त्यात मेंढी नाही. गंमत म्हणजे लुधियानाच्या ज्या वर्धमानचे गुंडे आपण घेतो, तिचं नाव महावीरस्वामींचंच. ॲक्रिलिक कुजत नाही, ते कचऱ्यात गेलं की राहतंच. म्हणून तुकडान् तुकडा वापरावा, हे मला अपरिग्रहाइतकंच अहिंसेचंही वाटतं.

आता मुद्द्यावर येते. दुकानात जाऊन ‘बाहुलीच्या तोंडासाठी लोकर द्या’ म्हणा. दुकानदार न विचारता फिकट गुलाबी गुंडा काढतो. त्या रंगाचं नावच ‘स्किन कलर’. कुणाची स्किन? कर्जत-खालापूरच्या ठाकर आणि कातकरी वाड्यांवर त्या रंगाचं एकही माणूस मला दिसलेलं नाही. आमच्या घरातही नाही, आरसा आहे की. तरी आम्ही वर्षानुवर्षं गुलाबी तोंडाच्या, सोनेरी केसांच्या बाहुल्या विणल्या आणि वाड्यांवर वाटल्या.

माझं म्हणणं असं, की ज्या मुलासाठी बाहुली आहे त्या मुलाला आधी विचारावं. या विणकामात सगळं बदलता येतं, तोच तर त्याचा गुण आहे. आमच्या दारावर वाडीवरची एक ताई रानभाजी घेऊन येते. चातुर्मासात आम्ही पालेभाजी खात नाही, म्हणून मी करटोली तेवढी घेते. तिच्या सात वर्षांच्या लेकीला विचारलं, ‘तुझी बाहुली कशी करू?’ ती बराच वेळ गप्प. कुणी असं विचारेल याची तिला सवयच नव्हती. मग म्हणाली, ‘काकू, निळी खोळ घाला तिला. प्लास्टिकची असते ना, तशी. आणि दोन वेण्या.’ आई म्हणाली, ‘गोरी करा हं.’ लेक म्हणाली, ‘नको, मग ती मी कशी?’ मी कॉफी रंगाने चेहरा विणला.

एका ओळखीच्या बाई मला म्हणाल्या, काळी बाहुली कोण घेईल, मुलांनाच आवडत नाही. मुलांना ते कुणी शिकवलं? आपण मंदिरात काळ्या पाषाणातल्या मूर्तीपुढे हात जोडतो. मुनिसुव्रत आणि नेमिनाथ दोघेही श्यामवर्णी. शरीराचा वर्ण नामकर्माने मिळतो, आत्म्याला रंग नाही, हे पाठशाळेत घोकून घेतलेलं असतं. कृष्णलेश्येचा दाखला देणारेही भेटतात. पण तिथे मनातल्या परिणामांबद्दल बोलणं आहे, कातडीबद्दल नाही. घरात सून बघताना हे सगळं कुठे जातं, तो वेगळा लेख होईल.

दुसरा आक्षेप असा, की लोकरीचं एक गाठोडं ते, त्याचा एवढा विचार कशाला? त्यांना यशोधराची कथा आठवून द्यावीशी वाटते. सोमदेवसूरींनी ९५९ साली ‘यशस्तिलक’ लिहिलं, त्यात ती येते. राजा यशोधराने आईच्या आग्रहामुळे खऱ्या कोंबड्याऐवजी पिठाचा कोंबडा करून बळी दिला. जीव एकही गेला नाही, तरी मायलेकांना पशुयोनीत जन्मामागून जन्म घ्यावे लागले. आकार पिठाचा होता, भाव मात्र खरा होता. लहानपणी मला ही कथा फार कठोर वाटायची. आता वाटतं, हा नियम उलट्या बाजूनेही लागू असणार. लोकरीच्या आकारात आपण कुणाचं रूप घालतो आणि कुणाचं वगळतो, तेही आपल्या भावातूनच येतं.

१९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. पुढे चौककडे मदतीचा ओघ लागला. धान्य, पांघरुणं, भांडी हवीच होती. पण अशा वेळी आपण माळ्यावरची जुनी खेळणीही पोत्यात भरतो, हात तुटलेली, केस उपटलेली. ‘त्यांना काय, तेवढंही खूप.’ हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. तत्त्वार्थसूत्रात दानाची प्रत ठरवताना विधी, द्रव्य, दाता आणि पात्र अशा चार गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत. माळा साफ करणं यातल्या कशात बसतं?

कॅनडात कॅरोल इसफेल्ड नावाची एक आई होती. तिचा मुलगा मार्क शांतिसेनेत भूसुरुंग काढण्याचं काम करायचा. पडलेल्या घराच्या ढिगाऱ्यात त्याला एक बाहुली दिसली, म्हणून ती त्याच्यासाठी खिशात मावतील अशा बाहुल्या विणून पाठवू लागली आणि तो त्या तिथल्या मुलांना देऊ लागला. १९९४ मध्ये क्रोएशियात सुरुंगाच्या स्फोटात तो गेला. बाहुल्या विणणं मात्र थांबलं नाही, इतर बायकांनीही ते उचललं. घर हरवलेल्या मुलाला वह्या द्याव्यात, बाहुली ही चैन आहे, असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. वह्या द्याच. पण वही उशाशी घेऊन कुणी झोपत नाही.

पिशवी उपसताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. तिच्यात गुलाबी, पिवळा, आकाशी, पांढरा सगळं सापडतं. तपकिरी सापडत नाही. बाळाचा स्वेटर कॉफी रंगात कुणी विणतच नाही, तर उरणार कुठून? म्हणून कपडे, बूट, टोपी खुशाल उरलेल्या लोकरीतून करा, पण चेहऱ्यासाठी गुंडा नवा विकत घ्या. कॉफीचा एक, बदामीचा एक. चेहऱ्याला जेमतेम दोन-तीन ग्रॅम लागतात, ५० ग्रॅमच्या गुंड्यात पंधरावीस चेहरे सहज होतात. आणि बाहुली देताना फोटो काढायचा नाही, एवढं माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी आधीच सांगते.

पर्युषणाआधी तीस बाहुल्या पुऱ्या करायच्या आहेत. सव्वीस मुलांनी कशी हवी ते सांगितलंय. एकाला पोलीस हवाय, एकीला शाळेचा गणवेश, तिघींना वेण्या. चौघं अजून विचार करताहेत.