मापाचा काटा दोघांनाही दिसावा

धान खरेदी केंद्रावर माल काट्यावर चढतो, तेव्हा झाडीपट्टीतील शेतकरी काट्यावरून नजर हटवीत नाही. समोरच्यावर त्याचा अविश्वास असतोच असे नव्हे. परंतु ज्या मापावर वर्षभराच्या कष्टांचे मोल ठरायचे, ते माप आपल्यालाही वाचता यावे, ही त्याची रास्त अपेक्षा असते. घराच्या भिंतीवरील विजेचा मीटर हेही एक मापच होय. गोंदिया जिल्ह्यात जुने मीटर काढून स्मार्ट मीटर बसविण्यास प्रारंभ झाल्यापासून ज्या शंका व्यक्त होत आहेत, त्यांच्याकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

वीज वितरणातील गळती व तोटा रोखण्यासाठी केंद्र सरकारने २०२१ साली सुधारित वितरण क्षेत्र योजना आणली. देशभरात २५ कोटी स्मार्ट मीटर बसविण्याचे तिचे उद्दिष्ट. त्यानुसार महावितरणने २०२३ साली सुमारे सव्वादोन कोटी मीटरांची, जवळपास २७ हजार कोटी रुपयांची कंत्राटे दिली. प्रारंभी हे मीटर आगाऊ पैसे भरण्याचे, म्हणजे प्रीपेड होते. राज्यभर विरोध झाला आणि जून २०२४ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांना असे प्रीपेड मीटर लावले जाणार नाहीत, असे जाहीर केले. पुढे मीटर आले, ते 'टीओडी' या नावाने आणि महिनाअखेरीस बिल भरण्याच्या पद्धतीने. दोहोंतील भेद मोठा आहे. परंतु तो गावोगावी समजावून कोणी सांगितला? नको म्हटलेलीच वस्तू नाव बदलून दारात आली, असा समज पसरला असेल, तर दोष केवळ अफवांचा नाही.

वास्तविक या यंत्रात ग्राहकाच्या हिताचे बरेच काही आहे. मीटरवाचन आपोआप होत असल्याने घर बंद असल्याचे कारण सांगून सरासरीचे बिल माथी मारण्याचा प्रकार थांबू शकतो. रोहित्रावर मोजलेली वीज आणि त्याखालील घरांच्या मीटरांवर नोंदलेली वीज यांचा ताळा जमला, तर आकडे टाकणारा कोठे आहे हे शोधता येते. आज त्याच्या चोरीचा भार प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्यावर पडतो. शिवाय १ जुलै २०२५ पासून हा मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैशांची सवलत मिळू लागली. पाण्याची मोटार, इस्त्री, धुलाईयंत्र ही कामे दिवसा उरकणाऱ्या गृहिणीला तिचा लाभ आहे. शेतीपंप या योजनेत नाहीत, हेही धान उत्पादकांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

मात्र गुण सांगताना अर्धसत्य सांगू नये. मीटर 'मोफत' आहे, हे असेच एक अर्धसत्य. ग्राहकाकडून आज रक्कम घेतली जात नाही, हे खरे. पण एका मीटरमागे कंत्राटाचा सरासरी खर्च सुमारे १२ हजार रुपये आणि केंद्राचे अनुदान जास्तीत जास्त ९०० रुपये. उरलेला पैसा आकाशातून पडणार नाही. गळती कमी झाली, तर तो बचतीतून निघेल. न झाल्यास आज ना उद्या वीजदरात उतरेल. दुसरी तक्रार वाढलेल्या बिलाची. जुना, झिजलेला मीटर मंद चालत असेल, तर नव्या मीटरवर युनिट वाढलेले दिसतात आणि वापर १०० युनिटांपलीकडे गेला की दरही चढतो. प्रत्येक तक्रारीचे कारण हेच असेल असे नाही. म्हणूनच २०२४ साली केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली. ग्राहकाने मीटरविषयी तक्रार केल्यास पाच दिवसांत पडताळणीसाठी दुसरा मीटर बसवून किमान तीन महिने दोहोंचा ताळा पाहिला पाहिजे, असा दंडक आहे. हा हक्क किती कुटुंबांना ठाऊक आहे?

येथेच गोंदियाचे वेगळेपण लक्षात घ्यावे लागते. तिरोड्याला ३३०० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प उभा आहे. पण सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्ट्यातील कुटुंबाला भ्रमणध्वनीवरील ॲप उघडून रोजचा वापर पाहा, असे सांगणे म्हणजे थट्टाच. तेथे छापील बिल वेळेवर पोहोचले पाहिजे आणि शंका विचारण्यासाठी हाकेच्या अंतरावर माणूस हवा. उद्या प्रीपेडचा विषय पुन्हा निघालाच, तर थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी १५ दिवसांची नोटीस देण्याचे २००३ च्या वीज कायद्यातील संरक्षण मोलमजुरी करणाऱ्या घराला कसे लाभणार, याचे उत्तर आधी द्यावे लागेल.

समाजाला विश्वासात घेतले की काय घडते, हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. भारनियमनाच्या काळात 'अक्षय प्रकाश योजने'तील गावांनी सायंकाळी जड भाराची उपकरणे स्वखुशीने बंद ठेवली आणि आपल्या घरांतील दिवे उजळते राखले. तेथे कोणी सक्ती केली नव्हती. हिशेब गावासमोर उघडपणे मांडला होता. आताही महावितरणने मीटर बदलण्यापूर्वी ग्रामसभेत यावे, जुन्या मीटरचे अखेरचे वाचन घरमालकाच्या स्वाक्षरीने लिहून द्यावे आणि मागेल त्याला पडताळणी मीटर विनाविलंब बसवून द्यावा.

कर्तव्य केवळ शासनाचे नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यातून ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, ते ग्राहकाला जागा करण्यासाठी. वस्तीवस्तीत जाणाऱ्या कार्यकर्त्याने तेच काम येथे करावे. मीटर फोडण्याची भाषा बोलणाऱ्यांमागे जाऊ नये आणि सारे आलबेल आहे, असेही सांगत फिरू नये. शेजारच्या घरातील मीटर कसा वाचावा, बिल कसे ताडून पाहावे, तक्रार लेखी कशी द्यावी, एवढे शिकविले तरी पुष्कळ झाले. ज्या दिवशी घरची गृहिणी स्वतः आकडा वाचून बिलाशी पडताळून पाहील, त्या दिवशी हा मीटर महावितरणइतकाच तिचाही झालेला असेल.