तालमीतील विद्या आणि तिचा खरा कस

चिनी भाषेत ‘कुंग फू’ असा एक शब्द आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी तो बहुधा चित्रपटांतून ऐकला असेल, आणि तो ऐकताच हवेत झेपावणारे वीर त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहत असतील. परंतु मूळ शब्दाचा अर्थ याहून पुष्कळ साधा आणि पुष्कळ मोठा आहे. एखाद्या कामी वेचलेला दीर्घ काळ व श्रम, आणि त्या श्रमांच्या योगे अंगी आलेले कौशल्य, यांस चिनी लोक कुंग फू म्हणतात. सुंदर अक्षर काढणारा लेखनिक किंवा उत्तम पाकसिद्धी करणारा आचारी यांच्या ठायीही कुंग फू आहे असे म्हणण्यास त्यांस संकोच वाटत नाही. युद्धविद्येला त्यांच्याकडे ‘वूशू’ असे निराळे नाव आहे. कुंग फू हे नाव तिला जगभर चिकटले ते विसाव्या शतकात, व विशेषेकरून १९७० नंतरच्या चित्रपटांमुळे.

या विद्येचे माहेर म्हणून चीनच्या हनान प्रांतातील शाओलिन मठ प्रसिद्ध आहे. ४९५ साली एका भारतीय भिक्षूकरिता हा मठ स्थापन झाला असे सांगतात. बोधिधर्म नावाच्या दुसऱ्या भारतीय भिक्षूने तेथील साधूंस व्यायाम शिकविला आणि त्यातूनच ही विद्या निघाली, अशीही एक कथा आहे. परंतु ज्या ग्रंथाच्या आधारे ती सांगतात तो सतराव्या शतकातील असल्यामुळे विद्वान तीस इतिहास मानीत नाहीत. परक्यांची कीर्ती मुळात आपलीच होती असे म्हणण्यात आपणांस सुख वाटते खरे. पण त्या सुखाहून उपयोगाची गोष्ट दुसरीच आहे. ती अशी की, तेथे नव्या शिष्यास प्रथम ठोसा शिकवीत नाहीत. घोड्यावर मांड ठोकल्याप्रमाणे गुडघे वाकवून त्यास निश्चल उभे करतात. मांड्या थरथरू लागतात, घाम गळतो, आणि शिष्य उभाच असतो. पुष्कळ दिवस त्याची विद्या एवढीच.

हे वर्णन वाचून आमच्या जिल्ह्यातील कोणाही जुन्या पहिलवानास हसू येईल, कारण त्याचेही शिक्षण असेच झालेले असते. तालमीत पाऊल टाकल्याबरोबर मुलास डाव मिळत नाही. पहाटे उठून हौद उकरावयाचा, ताक, तेल, हळद व लिंबू घालून मळलेली लाल माती सारखी करावयाची, मातीस हात लावून तो कपाळास लावावयाचा, आणि मग जोर व बैठका काढावयाच्या. मोठ्या पट्ठ्यांची अंगे रगडावयाची आणि त्यांच्या कुस्त्या पाहावयाच्या. असे काही महिने गेल्यावर वस्ताद एखादा डाव दाखवितो. ढाक असो, कलाजंग असो वा धोबीपछाड, प्रत्येक डावाला तोड असते आणि त्या तोडीलाही तोड असते. तो डाव हजार वेळा करावयाचा. इतका, की पुढे विचार करावयास अवकाश नसतानाही अंग आपोआप उत्तर देईल. गावच्या जत्रेत हलगी वाजू लागली की पहिल्याने रेवड्यांवर लहान मुलांच्या कुस्त्या लागतात आणि हगाम्याच्या शेवटी मोठ्या इनामाची कुस्ती होते. रेवडीपासून त्या शेवटच्या कुस्तीपर्यंतचे अंतर दहा-बारा वर्षांचे असते, आणि ते तोडण्यास आडवाट नाही.

ही परंपरा लहानसहान नव्हे. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लविद्येचे विवेचन आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबास नवे चैतन्य दिले. कोल्हापुरास शाहू महाराजांनी कुस्तीस राजाश्रय देऊन खासबागेचे मैदान बांधविले. बडोद्यास जुम्मादादा या मुसलमान उस्तादांनी आपली विद्या माणिकराव या हिंदू शिष्याच्या हाती दिली, आणि शिष्याने गुरूच्या नावाने चाललेली व्यायामशाळा भारतभर प्रसिद्ध केली. हौदात उतरताना सर्वांच्या अंगी एकच लंगोट व एकच माती असते. ज्या शाळेत अनेक धर्मांची व जातींची मुले एका बाकावर बसतात, तेथील वाचकांस या गोष्टीचे मोल निराळे सांगावयास नको.

असो. आता मुख्य मुद्द्याकडे वळू. इतक्या वर्षांच्या मेहनतीने मिळते ते काय? बळ मिळते, हे उघडच आहे. कोणास गदा मिळते, कोणास नोकरी मिळते. परंतु आमच्या मते या विद्येचा कस कुस्ती जिंकण्यात लागत नाही. अन्याय झाला, निदान झाला असे वाटले, त्या क्षणी पहिलवान काय करतो, यात तो लागतो.

खाशाबा जाधव यांचे चरित्र या दृष्टीने पाहावे. कऱ्हाडजवळील गोळेश्वर या खेड्यात १९२६ साली त्यांचा जन्म झाला. लाल मातीत वाढलेला हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये उतरला, तेव्हा गादी व तेथील नियम त्यास नवे होते. तरी तो सहावा आला. पुढील चार वर्षे त्याने मेहनत केली. १९५२ साली हेलसिंकीस जाण्याकरिता पैसा नव्हता, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, हे प्रसिद्धच आहे. तेथे एका दीर्घ कुस्तीनंतर नियमाप्रमाणे मिळावयाची विश्रांती न देता त्यांस पुढच्या कुस्तीस बोलाविण्यात आले, आणि त्यांची बाजू मांडावयास एकही भारतीय अधिकारी जवळ नव्हता, असे सांगतात. खाशाबा थकल्या अंगाने उतरले, लढले आणि हरले. तरीही ब्राँझपदक त्यांचे झाले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक स्पर्धेत मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. परत आल्यावर त्यांनी कुस्त्यांचे मैदान भरवून प्राचार्यांचे घर सोडविले, असेही सांगतात. आम्हांस पदकाइतकाच, किंबहुना पदकाहूनही अधिक, हा शेवटचा भाग मोलाचा वाटतो.

याच्या शेजारी आपल्या गावची एक अलीकडील घटना ठेवणे भाग आहे. २०२५ सालच्या फेब्रुवारीच्या आरंभी महाराष्ट्र केसरीची स्पर्धा आपल्या अहिल्यानगरात वाडिया पार्कवर झाली. सारे शहर लोटले होते, आणि आमचे पुष्कळ विद्यार्थीही गेले होते. तेथे पंचाच्या निर्णयावरून वाद पेटला. पूर्वी हीच गदा मिळविलेल्या एका मल्लाने पंचाची गचांडी धरून त्यास लाथ मारली, आणि अंतिम कुस्तीत दुसरा मल्ल कुस्ती अर्धी टाकून निघून गेला. कुस्तीगीर संघाने दोघांवरही तीन वर्षांची बंदी घातली. त्यांची नावे सर्वांस ठाऊक आहेत. येथे ती पुन्हा लिहिण्यात आम्हांस आनंद नाही, कारण दोघेही मोठ्या कष्टाने वर आलेले मल्ल आहेत.

पंचाचा निर्णय बरोबर होता की चूक, या वादात आम्ही शिरत नाही. किंबहुना तो चूकच होता असे क्षणभर धरून चालू, म्हणजे प्रश्न अधिक स्वच्छ होईल. निर्णय बरोबर असता शांत राहणे यात विशेष काय? सामान्य मनुष्यही तितके करतो. निर्णय चुकीचा आहे अशी खात्री असता, हजारो लोक आरडाओरडा करीत असता, आणि अंगात समोरच्यास लोळविण्याची ताकद असता जो हात आवरतो, त्याची तालीम पुरी झाली. त्याने तक्रार करू नये असे आमचे म्हणणे नाही. तक्रार जरूर करावी, लेखी करावी, शेवटपर्यंत लढवावी. परंतु ती तोंडाने व लेखणीने करावी, पायाने नव्हे. पंचावर पाय उचलणाऱ्याच्या बाजूस न्याय असला तरी त्या क्षणी तो न्याय दिसेनासा होतो, आणि लोकांच्या ध्यानात लाथ तेवढी राहते.

वस्ताद एक डाव राखून ठेवतो, अशी आपल्याकडे म्हण आहे. लोक त्यात वस्तादाची लबाडी पाहतात. आम्हांस तीत शहाणपण दिसते. ज्या शिष्याचा राग अजून त्याच्या हाती आलेला नाही, त्याच्या हाती अमोघ शस्त्र देणे हे अविचाराचे काम आहे. चीनमधील जुने गुरूही शिष्याचे शील पारखल्यावाचून वरची विद्या देत नसत. प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहिताना धावणाऱ्याचा व मुष्टियोद्ध्याचा दृष्टान्त घेतला आहे. तेथेही ताब्यात आणावयाचे ते आपले स्वतःचेच शरीर होय. अशा रीतीने तीन निरनिराळ्या दिशांनी आलेली माणसे एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात, यात काही तथ्य असले पाहिजे.

आता पालकांस दोन शब्द. आजकाल मुलास व्यायामास घालताना पहिला प्रश्न असा ऐकू येतो, की पट्टा किती महिन्यांत मिळेल, प्रमाणपत्र मिळेल काय, आणि शालान्त परीक्षेत खेळाचे सवलतीचे गुण धरतील काय? मोठी मुले यंत्रे असलेल्या व्यायामशाळेत जातात आणि तीन महिन्यांत दंड फुगले नाहीत तर डब्यातील भुकट्यांची चौकशी करू लागतात. गुण मिळाले तर ते वाईट नव्हेत, आणि यंत्रेही वाईट नव्हेत. परंतु गुणांकरिता धरलेली विद्या गुण मिळाल्याबरोबर सुटते. मग मुलास मिळाले काय? बळ अर्धेमुर्धे आले, आणि आवरण्याची शक्ती मुळीच आली नाही. कारण ती शिकविणारा भाग म्हणजे कंटाळवाणी, बक्षीस नसलेली, रोजची पहाट, तोच त्याने टाळला.

कोणी म्हणतील, तालमीतून भांडखोर माणसे निघतात. काही निघतात, हे आम्ही नाकारीत नाही. पण शाळेतूनही लबाड माणसे निघतात, म्हणून कोणी शाळा बंद करीत नाही. शिक्षण कोठे अपुरे पडले ते पाहतो. दुसरे म्हणतील, अभ्यासातून वेळ कोठे आहे? त्यांस आम्ही पहिल्या परिच्छेदातील आचाऱ्याची व लेखनिकाची आठवण देतो. प्रत्येकाने कुस्तीच खेळावी असा आमचा आग्रह नाही. कोणी मल्लखांब धरावा, कोणी पोहावे, कोणी पेटी वाजवावी, कोणी रोज भूमितीची दोन प्रमेये सोडवावी. मुलींनी मागे राहण्याचे तर आता काहीच कारण उरले नाही. २०२३ साली सांगलीस महिलांचीही महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी या सांगलीच्याच कन्येने पहिला मान मिळविला. विद्या कोणतीही असो, ती एकच धरावी, ठरल्या वेळी करावी, आणि वर्षे लोटली तरी सोडू नये, इतकीच आमची विनंती आहे.

विद्यार्थ्यांस आमचे सांगणे असे, की पाचवीत धरलेली गोष्ट दहावीपर्यंत टिकवून पाहा. मध्यंतरी एक काळ असा येईल की काहीच प्रगती होत नाही असे वाटेल, बरोबरीचे मित्र पुढे जातील, आणि वस्ताद किंवा गुरुजी तोच तो धडा पुन्हा करावयास लावतील. त्या काळात सोडू नका. आणि पालकांनी मुलास घरी आल्यावर ‘जिंकलास काय?’ असे विचारण्यापूर्वी ‘आज गेला होतास काय?’ असे विचारावे. हरून आला आणि पंचास दोष देऊ लागला, तर त्याचे सर्व ऐकून घ्यावे, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यास पुन्हा हौदावर पाठवावे.

येत्या वर्षी शाळेच्या मैदानावर सामन्यांत निर्णय चुकतील, कारण पंच हीदेखील माणसेच आहेत. त्या वेळी आमचा एखादा विद्यार्थी पंचास नमस्कार करून आपल्या जागी परत जाताना दिसला, तर त्याच्या घरच्यांनी व शिक्षकांनी घेतलेले श्रम फळास आले असे आम्ही समजू.