सही एकाची, हात अनेकांचे

जपानी ठसाचित्रांचं प्रदर्शन कुठंही भरो, होकुसाई, हिरोशिगे, कुनिसादा ही चित्रकारांची नावं ठळक अक्षरांत झळकतात. पाटीवर नाटकाचं नाव, नटाचं नाव, सालही असतं. लाकडावर ठसा कोरणारा आणि तो कागदावर उतरवणारा मात्र बहुधा गाळलेला. हा अन्याय आहे. आणि तो दूर कसा करावा, हे या चित्रांना कथा पुरवणाऱ्या बाहुलीनाट्यानंच कधीचं दाखवून दिलं आहे.

‘कानादेहोन चुशिंगुरा’ हे सूडनाट्य १७४८ साली ओसाकाच्या ताकेमोतो-झा रंगमंदिरात बाहुल्यांनी रंगवलं. काबुकी या नटांच्या रंगभूमीनं ते मागाहून उचललं. होकुसाई, हिरोशिगे, कुनियोशी अशा सगळ्यांनी त्यावर चित्रमालिका काढल्या. दुसऱ्या एका बाहुलीनाट्यातली, आगीचा इशारा देऊन नगराची दारं उघडावीत म्हणून मनोऱ्यावर चढणारी ओशिची ही तरुणी काबुकीचा नट अजूनही बाहुलीच्या चालीनं करतो. मागं काळ्या वेशातली माणसं तिला नाचवत असल्याचा आविर्भाव करतात. काबुकीनं बाहुलीचं ऋण असं रंगमंचावर मान्य केलं. चित्रबाजाराला मात्र लाडक्या नटाचा चेहरा हवा होता. म्हणून चित्रांत नट उदंड, बाहुल्या थोड्या.

आता प्रत्यक्ष बाहुलीकडे पाहा. १७३४ पासून एका बाहुलीमागं तिघं उभे राहू लागले. प्रमुखाचा डावा हात मानेच्या दांड्यावर, उजवा बाहुलीच्या उजव्या हातात. दुसऱ्याकडे डावा हात, तिसऱ्याकडे पाय. स्त्री-बाहुलीला बहुधा पायच नसतात, तिसरा माणूस झग्याची कड अशी हलवतो की ती चालताना दिसते. परंपरा सांगते, दहा वर्षं पायांवर, दहा वर्षं डाव्या हातावर, मग मस्तक. हे तिघं प्रेक्षकांसमोर उभे असतात, कित्येकदा प्रमुखाचा चेहराही उघडा असतो. तरीही बाहुली रडली की सभागृह हेलावतं. राबणारे हात दिसले म्हणून कलेची जादू उणावत नाही.

ठसाचित्राचं काम याहून वेगळं नव्हतं. चित्रकाराचं रेखाटन चेरीच्या फळीवर उलटं चिकटवत आणि कोरता कोरता ते नष्ट होई. चेहरा आणि केस कोरायचे वस्तादानं, कपडे आणि बाकीचा भाग शिकाऊंनी. कपाळाशी विरळ होत जाणारी केसांची कड नीट पाहा: एकेक रेघ केसाइतकी बारीक, आणि ती लाकडात उंच राखलेली. कुनिसादाच्या काही चित्रांवर ‘होरी ताके’ अशी कोरणाऱ्याची मुद्रा आहे. तो योकोकावा ताकेजिरो. आपलं नाव त्यानं स्वतःच्या हातानं लाकडात कोरून ठेवलं आहे. ते पाटीवर उतरवायला कोणतं संशोधन लागतं?

संग्रहालयांनी आणि कला-प्रकाशकांनी एवढं करावं: जिथं मुद्रा आहे तिथं कोरणाऱ्याचं नाव चित्रकाराच्या नावाशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावं. जिथं नाही तिथं ‘कोरणारा अज्ञात, छापणारा अज्ञात’ असं स्पष्ट लिहावं. अज्ञात म्हटलं तरी माणूस होता हे कळतं. काहीच न लिहिलं तर तो नव्हताच असं ठरतं.