जिवतीचा पट आणि मुलांचे अंगण

श्रावण लागला की आपल्या घराघरांतून देव्हाऱ्याशेजारी जिवतीचा पट लागतो. वर नरसिंह, त्याखाली कालियाच्या फणांवर उभा बाळकृष्ण, मध्ये मुलांना अंगाखांद्यावर खेळविणाऱ्या जरा व जिवंतिका आणि तळाशी बुध व बृहस्पती, हे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. शुक्रवारी सुवासिनी त्याची पूजा करतात, लेकरांचे औक्षण करतात, आणि जी मुले परगावी असतील त्यांच्यासाठी चारही दिशांस अक्षता टाकतात. या पटातील कृष्णाकडे मात्र यंदा वाचकांनी थोडे निराळ्या दृष्टीने पाहावे, अशी आमची विनंती आहे. घरोघरच्या आज्या जी कथा सांगतात तीत कृष्ण डोहात उतरला तो पराक्रम गाजवावयास नव्हे. खेळता खेळता चेंडू डोहात गेला, तो आणावयास. चेंडू जाईल तेथे मूल जाणारच. गोकुळातल्या डोहात कालिया होता. आपल्या दारापुढे मोटार आहे.

ही आठवण आम्हास झाली ती त्याच नावाच्या गावाच्या वाटेवर. चंद्रपूर जिल्ह्यात, माणिकगडाच्या डोंगरभागात, तेलंगणाच्या सीमेलगत जिवती हे तालुक्याचे ठिकाण आहे. गोंड व कोलाम ही तेथील जुनी वस्ती. बंजारे आणि मराठवाड्यातून येऊन स्थिरावलेली कुटुंबे ही पुढची भर. गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गडचांदूरवरून एका आप्तांकडे तिकडे निघालो होतो. त्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा असतो. आदल्या दिवशी शेतकऱ्याच्या बैलांचा मान. भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस मुलांच्या लाकडी बैलांचा. मुले आपापले नंदी सजवून, दोरीने ओढीत रस्त्याने मिरवतात, एके ठिकाणी जमतात आणि मग घरोघर जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मागतात. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघूजींनी मुलांसाठी ही प्रथा घातली, असे सांगतात.

वाटेत एका वस्तीपाशी असाच मेळा रस्त्यावर भरला होता. आमच्या मोटारीने कर्णा वाजविला. मुले गडबडीने कडेस झाली. एका लहानग्याच्या बैलाचे चाक मात्र निखळून रस्त्यातच राहिले, आणि ते उचलण्यास तो पुन्हा धावत आला. मोटार थांबली तेव्हा त्याच्यात आणि तिच्यात चार हातांचेही अंतर नव्हते. त्याने शांतपणे चाक उचलले आणि तो निघून गेला. कडेला उभे असलेले एक वृद्ध गृहस्थ जवळ आले. ते रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, “आजच्या दिवस रस्ता पोरांचा हाय, साहेब. उद्यापासून तुमचाच हाय.”

या वाक्याने आम्ही जितके खजील झालो तितके कोणाच्या रागावण्याने झालो नसतो. कारण त्यात शहरवासीयांस न सुचलेला एक साधा न्याय होता. रस्ता सर्वकाळ मुलांचा असावा, असे त्या गृहस्थांचे म्हणणे नव्हते. पण वर्षातून एक दिवस तरी तो त्यांचा असावा आणि त्या दिवशी मोठ्यांनी वाट पाहावी, एवढेच त्यांना ठाऊक होते.

कोणी म्हणेल, खेळावयास मैदाने व उद्याने आहेत, मग रस्ता कशास हवा? आमचे उत्तर असे की, दहा-बारा वर्षांचा मुलगा मैदानावर जाईल. पाच वर्षांच्या मुलाचे मैदान आईच्या हाकेच्या टप्प्यातच असावे लागते. आणि मुलींचे काय? विदर्भात भुलाबाईच्या दिवसांत सायंकाळी मुली घरोघर जाऊन फेर धरतात, तो दूरच्या उद्यानात धरता येत नाही. शिवाय उद्यानापर्यंत पोहोचावयाचे म्हणजे तोच रस्ता ओलांडावयाचा आहे. लंगडी, लगोरी, विटीदांडू हे खेळ गल्लीतच वाढले, कारण गल्ली हे अनेक घरांचे मिळून एक अंगण होते.

हे अंगण परत मिळविण्याचे प्रयत्न इतरत्र कसे झाले, ते पाहण्यासारखे आहे. हॉलंडात १९७१ साली रस्त्यांवरील अपघातांत चारशेहून अधिक मुले दगावली. त्यांतच आपली मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने ‘मुलांच्या हत्या थांबवा’ अशी हाक दिली, आणि आईबापांची मोठी चळवळ उभी राहिली. त्याच सुमारास डेल्फ्ट शहरात अशा गल्ल्या निघाल्या की, जेथे मोटारीने माणसाच्या चालीने जावयाचे आणि खेळणाऱ्या मुलास वाट द्यावयाची. १९७६ साली त्यांस कायद्याची मान्यता मिळाली. इंग्लंडात खेळाच्या रस्त्यांविषयी १९३८ सालीच कायदा झाला होता, पण पुढे ती चाल मागे पडली. २००९ साली ब्रिस्टल येथे दोघी शेजारणींनी आपली गल्ली शाळा सुटल्यानंतर काही तास वाहनांस बंद केली आणि ती पुन्हा जिवंत केली. त्यांच्याजवळ ना सत्ता होती ना द्रव्य. होते ते शेजाऱ्यांचे दार ठोठावण्याचे धैर्य.

आपल्याकडेही आरंभ झालेला आहे. मुंबईत २०१४ च्या नोव्हेंबरात वांद्र्याच्या बाजूस रविवारी सकाळी काही रस्ते वाहनांस बंद करून पाहिले. मार्च २०२२ मध्ये तेथील पोलीस आयुक्तांनी मरीन ड्राइव्हसह अनेक रस्ते रविवारच्या सकाळी नागरिकांस मोकळे केले. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिनानिमित्त, गर्दीसाठी प्रसिद्ध असलेला लक्ष्मी रस्ता वाहनांवाचून लोकांनी पाहिला. योगायोग असा की, ज्या आंतरराष्ट्रीय बालहक्क करारात खेळणे हा मुलाचा हक्क म्हणून नमूद आहे, तो भारताने स्वीकारला तोही ११ डिसेंबरलाच, १९९२ साली. परंतु हे उपक्रम मोठ्या, शोभिवंत रस्त्यांचे आहेत. तेथे जावयास पुन्हा मोटारच काढावी लागत असेल, तर लहानग्याचा प्रश्न सुटला नाही. खरी गरज आपल्या दारापुढच्या रस्त्याची आहे.

त्यास मार्गही आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११५ व्या कलमाने सार्वजनिक सुरक्षिततेसाठी वा सोयीसाठी एखाद्या रस्त्यावर वाहनांस मनाई करण्याचा अधिकार शासनास व त्याने नेमलेल्या अधिकाऱ्यांस आहे. आणि मनाई महिन्याभराहून अधिक काळाची नसल्यास राजपत्रात प्रसिद्धीचीही आवश्यकता नाही, स्थानिक सूचना पुरते. गल्लीतील दहा-वीस घरांनी एकविचाराने अर्ज करावा. रविवारी सकाळचे दोन तास मागावेत. दोन्ही टोकांस घरातील वडीलधाऱ्यांनी खुर्च्या टाकून बसावे. रुग्णवाहिकेस वाट तत्काळ मिळावी, भाजीवाल्याच्या हातगाडीस अडथळा नसावा, आणि गल्लीतल्याच कोणास निघणे भाग पडले तर एका जाणत्या माणसाने पुढे चालत मोटार बाहेर काढून द्यावी. मुलांनी काय खेळावे, हे मात्र मोठ्यांनी ठरवू नये. आणि त्या दोन तासांत कोणाचे मूल कोणत्या घरचे, हा प्रश्नही विचारू नये. खेळात भिडू मोजतात, कुळ नव्हे.

हे लिहिताना आम्हास आमच्याच घराकडे पाहणे प्राप्त आहे. आमच्या अंगणात पूर्वी तुळशीवृंदावनाभोवती चार भावांची मुले खेळत. पुढे एक मोटार आली, सोयीची म्हणून दुसरी आली, आणि आता तुळशीपर्यंत जावयास अंग चोरून जावे लागते. मुलांना ‘मोटारीस चरा पडेल, चेंडू आत आणू नका’ असे आम्हीच दरडावले, आणि ती रस्त्यावर गेली, तेव्हा ‘रस्त्यावर खेळू नका’ असेही आम्हीच म्हणालो. मग ती खिडकीशी बसून राहू लागली, तेव्हा ‘हल्लीची मुले खेळत नाहीत’ अशी तक्रारही आमचीच! जिवतीच्या वाटेवरून परतल्यावर घरात बोलणे झाले. दुसरी मोटार विकली, आणि रविवारच्या अर्जावर गल्लीतील घरांच्या सह्या मिळविण्यास आमच्या सूनबाई निघाल्या. अजून सर्व सह्या झालेल्या नाहीत. काही शेजारी विचार करून सांगतो म्हणतात. आम्ही थांबण्यास तयार आहोत.

येत्या शुक्रवारी पटाची पूजा करताना माताभगिनींनी नेहमीप्रमाणे चारही दिशांस अक्षता टाकाव्यात. त्यांतील चार दाणे दारापुढच्या रस्त्यावरही पडोत, आणि ज्या हातांनी त्या टाकल्या त्याच हातांनी अर्जावर सही व्हावी, इतकीच आमची प्रार्थना आहे.