दिवाणखान्यातील पडदा आणि वखारीची किल्ली

व्यापारी घरांत एक जुनी रीत असे. माल वखारीत राही आणि व्यवहार पेढीवर होई. गिऱ्हाइकाने मागितलेले ठाण तेवढे वखारीतून आणवले जाई. त्यासाठी सारी वखार पेढीवर उचलून आणण्याचे कारण पडत नसे. मात्र वखारीची किल्ली कोणत्या वेळी कोणाच्या हाती आहे, हे मालकाला नेमके ठाऊक असे.

आज पुष्कळ घरांत नकळत हीच रचना उभी राहिली आहे. लग्नसोहळ्यांची चित्रीकरणे, मुलांची स्नेहसंमेलने, दिवंगत आजोबांचे ध्वनिमुद्रित बोलणे हा सारा ठेवा आतल्या खोलीतील संगणकावर असतो आणि दिवाणखान्यातील मोठ्या पडद्यावर तो पाहावयाचा असतो. पडद्याला जोडलेले, मुलांच्या हट्टाने घेतलेले गेम कन्सोल घराच्या नेटवर्कवरून तो ठेवा मागवून दाखवू शकते. सोय उत्तम आहे. किल्लीचा विचार मात्र बहुधा राहून जातो.

या सोयीचा इतिहास उद्‌बोधक आहे. १५ नोव्हेंबर २००१ रोजी मायक्रोसॉफ्टने अमेरिकेत एक्सबॉक्स हे कन्सोल बाजारात आणले. ते खेळाचे यंत्र म्हणून विकले गेले, तरी आतून तो जवळजवळ घरगुती संगणकच होता. ७३३ मेगाहर्ट्‌झचा इंटेलचा प्रोसेसर, ६४ एमबी मेमरी, सुमारे ८ जीबी उपयोगाची हार्ड डिस्क आणि नेटवर्कची तार जोडण्याची खाच, इतके साहित्य त्यात होते. परंतु मिनी-डीव्ही कॅमेऱ्याची एका तासाची कॅसेट संगणकावर उतरवली, तर ती सुमारे १३ जीबी जागा घेते. म्हणजे एका तासाचे मूळ चित्रीकरणही त्या डिस्कमध्ये मावणारे नव्हते. यंत्राकडे पेढी होती, वखार नव्हती. यावर उपाय एकच होता: माल घरच्या संगणकावर ठेवावा आणि लागेल तेवढा तारेवरून मागवावा.

हा उपाय कंपनीच्या आधी हौशी प्रोग्रामरांनी प्रत्यक्षात आणला. २००२ मध्ये त्यांनी एक्सबॉक्सवर चालणारा मीडिया प्लेअर तयार केला. पुढे त्यातूनच एक्सबीएमसी, अर्थात एक्सबॉक्स मीडिया सेंटर, घडले आणि जून २००४ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. त्याची मूळ संहिता सर्वांना खुली होती. मात्र ती चालवण्यासाठी कन्सोलच्या कुलपात फेरफार करावा लागे. शिवाय तयार प्रोग्राम बनवण्याची साधने मायक्रोसॉफ्टच्या परवान्याखाली असल्याने तो प्रोग्राम जसाच्या तसा वाटणेही कायद्यात बसत नसे. २०१० मध्ये या प्रकल्पाने जुन्या एक्सबॉक्सची साथ सोडली, २०१४ मध्ये ‘कोडी’ हे नाव घेतले आणि २०१७ च्या अखेरीस तो एक्सबॉक्स वनवर कंपनीच्या अधिकृत दालनातून राजमार्गाने परतला.

कन्सोल घरच्या संगणकातील फोल्डर कोणत्या भाषेत मागते, हेही जाणून घ्यावे. विंडोजच्या जगात सामायिक फोल्डरची जी बोली चालते, तिला एसएमबी म्हणतात. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत संशोधन करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमारास दोन यंत्रांमधील संवाद न्याहाळून या बोलीचे आपले स्वतंत्र रूप लिहिले. पुढे नाव ठेवण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी एस, एम आणि बी ही अक्षरे याच क्रमाने येणारे शब्द कोशात शोधले. त्यांतून ‘साम्बा’ हे नाव निवडले गेले. घरातील अनेक साठवण-पेट्या आजही साम्बाच वापरतात. एक्सबीएमसीनेही एसएमबीसाठी त्याचाच आधार घेतला होता.

या व्यवहारात संपूर्ण फाइल कन्सोलमध्ये उतरत नाही. कन्सोल तिचा थोडा भाग मागते, दाखवते, टाकून देते आणि पुढचा मागते. म्हणून तारेची क्षमता महत्त्वाची ठरते. डीव्हीडीच्या चित्राला सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे १० मेगाबिट लागतात, तर ब्लू-रेच्या चित्राला ४० पर्यंत. १०० मेगाबिटची साधी तार दोन्ही सहज पेलते. वायफायचा आकडा पेटीवर कितीही मोठा छापलेला असो, दोन भिंतींपलीकडे तो घसरतो आणि वरमाला घालण्याच्या नेमक्या क्षणी चित्र अडते. अशा वेळी दोष फाइलचा वा कन्सोलचा नसून बहुधा वाटेचा असतो.

दुसरा मार्ग डीएलएनए या नावाने ओळखला जातो. एसएमबीमध्ये कन्सोलला कपाटाची किल्ली मिळते आणि ते स्वतः फाइल उघडते. डीएलएनएमध्ये संगणक केवळ यादी पुढे करतो. कन्सोलने त्यातील नाव निवडले, की संगणक तेवढेच पाठवतो; कित्येक प्रोग्राम तर कन्सोलला पेलेल अशा स्वरूपात चित्र बदलूनही देतात. पहिली रीत वखारीत शिरण्याची, दुसरी नमुन्यांची वही पाहून माल मागवण्याची. सोनीने मे २००७ मध्ये प्लेस्टेशन ३ ला ही सोय दिली. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ मध्ये ती प्रारंभी नव्हती. २०१५ मध्ये वेगळ्या अ‍ॅपने ती परत आली. प्लेस्टेशन ५ मध्ये कंपनीने स्वतःची अशी सोय ठेवलेली नाही. यंत्र आपल्या पैशाचे असले, तरी त्यातील सोय देणारा आणि काढून घेणारा हात दुसऱ्याचा असतो. म्हणून ठेवा कन्सोलच्या भरवशावर न ठेवता आपल्या संगणकावर, सर्वत्र चालणाऱ्या स्वरूपात ठेवणे शहाणपणाचे.

आता मूळ मुद्द्याकडे, किल्लीकडे वळावे. एसएमबीची पहिली आवृत्ती फार जुनी आणि सुरक्षेच्या दृष्टीने दुबळी आहे. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी तिच्यातील एका गंभीर दोषावर दुरुस्ती प्रसिद्ध केली. ज्यांनी ती बसवली नाही, त्यांच्यावर १२ मे रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम कोसळला. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील फाइली कुलूपबंद झाल्या आणि ब्रिटनच्या रुग्णालयांतील कामे खोळंबली. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला. त्याचा आरंभ युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून झाला आणि पसरण्यासाठी त्याने हाच दोष वापरला. शिवाय तो चोरलेल्या पासवर्डांच्या आधारे दुरुस्त केलेल्या संगणकांतही शिरत असे. त्याची झळ मर्स्क समूहामार्फत न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलपर्यंत पोहोचली आणि तेथील कंटेनरांची वाहतूक विस्कळीत झाली. हिशेबाच्या वहीतून निघालेली आग बंदरावरच्या मालापर्यंत कशी जाते, हे व्यापाऱ्यांना त्या वेळी जवळून पाहायला मिळाले.

त्याच वर्षाच्या उत्तरार्धात विंडोज १० च्या नव्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ही जुनी बोली मुळातच बंद ठेवण्यास आरंभ केला. येथेच घरोघरी पेच उभा राहतो. जुन्या एक्सबॉक्सला केवळ ही जुनी बोली येते. कित्येक जुन्या साठवण-पेट्यांचेही तसेच आहे. आजीला लग्नाची फिल्म पाहावयाची असते, पडद्यावर फोल्डर दिसत नाही आणि घरातील उत्साही तरुण संगणकावर ती जुनी बोली पुन्हा चालू करतो. फिल्म दिसते, सर्वांना आनंद होतो. परंतु त्याच संगणकावर पेढीची खतावणी, जीएसटीची विवरणपत्रे आणि ग्राहकांची उधारी असते. ज्या दरवाजातून आजीची फिल्म बाहेर आली, तो दरवाजा त्या रात्री कोणीही बंद करत नाही.

याचा अर्थ सोय टाळावी असा नव्हे. शक्य असेल, तर पेढीचा संगणक आणि घरगुती ठेव्याचा संगणक वेगळा असावा. सामायिक करावयाचा तो एकच फोल्डर असावा, संपूर्ण डिस्क कधीही नसावी. कन्सोलसाठी स्वतंत्र वापरकर्ता व पासवर्ड असावा आणि त्याला केवळ पाहण्याची परवानगी असावी. पासबुक पाहणाऱ्याला नोंद करण्याचा अधिकार नसतो, तसेच हे. जुनी बोली चालू करण्याऐवजी डीएलएनएचा मार्ग घ्यावा अथवा फिल्म पेनड्राइव्हवर देऊन टीव्हीलाच लावावी. डीएलएनएच्या यादीला बहुधा पासवर्ड नसतो. म्हणून पाहुण्यांना वायफायचे वेगळे गेस्ट नेटवर्क द्यावे. बाहेरगावच्या मुलाला फिल्म पाहता यावी म्हणून राउटरमधून एसएमबीची वाट इंटरनेटवर उघडणे तर सर्वथा वर्ज्य मानावे. त्याला प्रत पाठवावी.

अखेरची गोष्ट नकलेची. ठेव्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि काम संपताच ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवावी. जोडलेली राहिलेली डिस्क संगणकाबरोबरच कुलूपबंद होते. आणखी एक प्रत दुसऱ्या घरी, बहीण वा भावाकडे असावी.

पेढीचा हिशेब बुडाला, तर बँकेचे उतारे, भरलेली विवरणपत्रे आणि समोरच्या व्यापाऱ्याची वही यांवरून तो कष्टाने का होईना, पुन्हा उभा करता येतो. आजोबांच्या आवाजाची दुसरी वही कोणाकडेही नसते. म्हणून संध्याकाळी सारे कुटुंब पडद्यासमोर बसले, म्हणजे वखार अवश्य उघडावी. आणि दिवा मालवण्यापूर्वी किल्ली कोठे आहे, तेही एकदा पाहून घ्यावे.