बदलापूरच्या शिरगावकरांनो, सगळे म्हणतात म्हणून हो म्हणू नका!



हे पत्रक कोणत्याही पक्षाचं नाही. कुणाला निवडून आणा किंवा कुणाला पाडा, हे सांगण्यासाठी ते काढलेलं नाही. मागणी एकच आहे: आपल्या सोसायटीत, नाक्यावर, सकाळच्या लोकलमधल्या ग्रुपमध्ये जो वेगळं बोलतो त्याला बोलू द्या. त्याला गप्प बसवण्याची किंमत आपल्या बदलापूरने मोजली आहे.

ऑगस्ट २०२४ आठवा. इथल्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाले आणि तक्रार नोंदवून घ्यायला पोलिसांनी पालकांना तासन्‌तास ताटकळत ठेवलं. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले. बदलापूरहून सुमारे दहा तास एकही लोकल सुटली नाही. तो राग रास्त होता. सरकारने विशेष तपास पथक नेमलं, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, ती या दबावानंतरच. लोकांनी एकत्र येऊन जाब विचारणं हा लोकशाहीचा प्राण आहे, आणि त्या दिवशी बदलापूरने तो विचारला.

पाच आठवड्यांनी, २३ सप्टेंबरला, मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडीत या प्रकरणातला आरोपी गोळी लागून मेला. त्याने पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, आम्ही स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली, असं पोलिसांनी सांगितलं. आपण फटाके वाजवले, पेढे वाटले. ज्या खात्यावर ऑगस्टमध्ये आपला काडीचा विश्वास नव्हता, त्याचा शब्द सप्टेंबरमध्ये आपण एकही प्रश्न न विचारता मानला. प्रश्न पडलेली माणसं तेव्हाही आपल्यात होती. पण तोंड उघडलं की ऐकावं लागायचं, “तुमच्या घरात मुली नाहीत का?” त्या वाक्यापुढे कोण बोलणार? मृतदेह पुरायलाही जागा मिळू नये इतका विरोध झाला आणि अखेर पोलीस बंदोबस्तात उल्हासनगरमध्ये दफन करावं लागलं.

जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल उच्च न्यायालयासमोर आला. त्यात या मृत्यूला पाच पोलीस जबाबदार असल्याचं नमूद होतं. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने तपासाचे आदेश दिले. गल्लीत जो प्रश्न विचारणं पाप ठरलं होतं, तोच प्रश्न न्यायालयाला विचारावा लागला.

आरोपीला निर्दोष ठरवण्याचा इथे हेतू नाही. त्याचा दोष सिद्ध होऊन त्याला कायद्याने कठोर शिक्षा व्हायला हवी होती. ते व्हायचं राहिलं. मेलेल्या माणसावर खटला चालत नाही. शाळेत काय घडलं, कुणाला केव्हा कळलं, कुणी झाकलं, हे त्याच्या खटल्यात साक्षीपुराव्यांनिशी समोर येण्याची वाट त्या दिवशी बंद झाली. नुकसान त्या मुलींचं झालं. आणि आपण टाळ्या वाजवत होतो.

असं का होतं? आपण वाईट आहोत म्हणून नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. कागदावरच्या कोणत्या दोन रेघा सारख्या लांबीच्या, एवढंच सांगायचं. खोलीतले बाकीचे सगळे आधीच पढवलेले, ते मुद्दाम चूक उत्तर द्यायचे. डोळ्यांना धडधडीत दिसत असूनही चारपैकी तीन जणांनी एकदा तरी सगळ्यांसोबत चूक उत्तर दिलं. मात्र खोलीतला एकच माणूस खरं बोलला की ही मान डोलावण्याची सवय साधारण पावपट उरायची. एकाच्या आवाजाने एवढा फरक पडतो. आपल्या ग्रुपवर वीस जणांच्या मनात शंका असते आणि वीसही जण गप्प असतात. म्हणून प्रत्येकाला वाटतं, असा विचार करणारे आपण एकटेच.

आपल्या महाराष्ट्राला हे नवं नाही. १८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे, टिळक यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, आलं. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या सुधारकालाही पुढे प्रायश्चित्त घ्यावं लागलं. आगरकरांनी मात्र पुण्याचा रोष पत्करून ‘सुधारक’ पत्र चालवलं. सनातन्यांनी त्यांच्या हयातीत त्यांची प्रेतयात्रा काढली. त्यांनी लिहिणं थांबवलं नाही. बालविवाह, केशवपन यांबद्दल ते एकटे पडून जे लिहीत होते, ते आज कुणाला वादग्रस्त वाटतं?

आता मतदानाबद्दल. “आपल्या सोसायटीची सगळी मतं अमक्यालाच” हे वाक्य प्रत्येक निवडणुकीत ऐकू येतं. बदल्यात पेव्हर ब्लॉक, रंगकाम, पाण्याची टाकी. चारजण ठरवतात, चारशे जणांच्या नावाने शब्द देतात. निकालानंतर केंद्रनिहाय आकडे बाहेर येतात आणि कुठल्या वस्तीने ‘धोका दिला’ याचा हिशेब मांडला जातो. ही भीती जावी म्हणून अनेक यंत्रांची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर वापरावं, असं निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवलं, २०१५ मध्ये विधी आयोगानेही त्याला पाठिंबा दिला. ते अजून आलेलं नाही. पण कायदा आजही आपल्या बाजूने आहे. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने कुणीही मतदाराला सामाजिक बहिष्काराची धमकी देणं, हे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार भ्रष्ट आचरण आहे. आणि सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करणारं पहिलं राज्य आपलंच.

म्हणून शिरगावकरांकडे मागणी आहे:

१. सोसायटीच्या, मंडळाच्या नावाने कुणीही कुठल्याही पक्षाला मतांचा शब्द देऊ नये. पाणी, रस्ते, गटारं हा आपला हक्क आहे. त्यासाठी मतांचा गठ्ठा बांधून देण्याची गरज नाही.

२. बोलवायचंच तर सगळ्या उमेदवारांना एकाच दिवशी, एकाच व्यासपीठावर बोलवा आणि सगळ्यांना तेच प्रश्न विचारा.

३. “तू कुणाला दिलंस?” हे विचारू नका. घरात नवऱ्याने बायकोला नाही, बापाने मुलाला नाही.

४. कुणी वेगळं बोललं तर त्याला ग्रुपमधून काढू नका, वर्गणीच्या वेळी टोमणे मारू नका. त्याच्या मुद्द्याला मुद्द्याने उत्तर द्या.

५. संतापाची बातमी आली की पुढे पाठवण्याआधी एकट्याने विचार करा: हे कोण सांगतंय, पुरावा काय, दुसरी बाजू काय?

आपल्यासारख्याच विचारांची माणसं शोधणं सोपं आहे. ज्याचं पटत नाही त्याचं शेजारपण टिकवणं अवघड आहे, पण वस्ती त्यावरच उभी राहते. पुढच्या सभेत सगळे एका सुरात बोलत असतील आणि तुम्हाला ते पटत नसेल, तर हात वर करा आणि बोला. तुमच्यामागे बोलायला आणखी कुणीतरी थांबलेलं असेल.

आपला,
शिरगावचा एक मतदार